टोकावड्याचा तेजोमेघ

शहापूरहून टोकावड्याला निघाले ती चोरी पकडायला.

आकाशाच्या छायाचित्रांच्या एका स्पर्धेत माझा मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुसरा आला होता. पहिला आला तोही तोच तेजोमेघ, टोकावड्याजवळच्या एका वाडीत शिवणकाम करणाऱ्या सुनंदाने टिपलेला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नऊ वर्षं दुर्बिणीपायी घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत. तिच्या फोटोत गुलाबी ढगाचे पदर धुराच्या बटांसारखे सुटे दिसत होते. माझ्या फोटोत त्याचा नुसता डाग. तिने तो इंटरनेटवरून उचलला असणार, असं मी आयोजकांना नाव न घालता कळवलंसुद्धा. आता पुरावा हवा होता.

किन्हवली मागे पडली. रस्त्याकडेचा पळस फुलला होता. खाचरांत राब (रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून केलेली भाजणी) जळत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. सरळगावात स्कूटर पंक्चर झाली.

"टोकावड्याला कोनाकडं?" पंक्चरवाल्याने चाक काढता काढता विचारलं. मी नाव सांगितलं.

"फोटोवाली सुनंदा? माज्या पोरीच्या शाळेत चंद्राचं खड्डं दाखवाया आलती. पोर आता आमाला सुखानं जेवू देत नाय, चंद्रच सांगते!"

मी नऊ वर्षांत कुणाला दुर्बिणीला हात लावू दिला नव्हता. पैसे देऊन स्कूटर सुरू केली.

सुनंदाच्या पडवीत शिवणयंत्र होतं, आणि भिंतभर फोटो: चंद्र, गुरू आणि त्याचे ठिपक्यांएवढे चार उपग्रह, कृत्तिका. तिने मला लगेच ओळखलं.

"तुमी दुसऱ्या नंबरच्या मॅडम ना? बक्षिसाच्या दिवशी लांबून बघितलं तुमाला. तुमच्या फोटोतला निळा रंग मला नाय जमत."

मी घाईने यंत्रसामग्रीबद्दल विचारलं. तिने बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या आणल्या, मध्ये एक लांब स्क्रू. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बांधायचा आणि तारे सरकतील तसा स्क्रू हाताने फिरवायचा. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या नवऱ्याचा.

"हाताने? हात हलत नाही?"

"पंधरा सेकंदाला पाव फेरा. काजं करून करून हात बसलाय, मॅडम."

माझी दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर तिच्या हाताएवढी स्थिर नव्हती. दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं तिने. इतकं चवदार होतं की त्याचाही राग आला.

निघताना तिने हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"कुनीतरी तक्रार केलीय, मी फोटो चोरला म्हनून. मूळ फोटो मागितलेत, उद्यापातूर. दीडशे हायत, एकावर एक रचून तो एक झालाय. हितं नेट चालत नाय आन् मुरबाडचा कंप्युटर क्लास बंद हाय. शहापूरहून पाठवाल काय?"

"दुसरी प्रत?"

"नाय. कॅमेऱ्याचं कार्ड लग्नाच्या फोटोंसाठी पुसलं."

परतीच्या वाटेवर काळू नदीच्या पुलावर स्कूटर थांबवली. खाली डोहात पाणी होतं. पेनड्राइव्ह हातात घेतला. हात सैल सोडला असता तर पहिला क्रमांक माझा होता. मागून टेम्पोने हॉर्न दिला, तशी दचकून मूठ आवळली आणि निघाले.

घरी एकेक फोटो उघडला. दीडशेच्या दीडशेत तारे टाचणीच्या टोकासारखे. सगळे पाठवले. सोबत लिहिलं, तक्रार मी केली होती, ती खोटी आहे. खाली सही केली. मग सुनंदाला फोन करून तेच सांगितलं.

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं.

"हितं व्हतात तवाच सांगायचं व्हतं, मॅडम," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पहिला क्रमांक तिचाच राहिला. तिच्या फोटोचा हेवा मला आजही वाटतो. त्याहून जास्त वाटतो तो अनोळखी बाईच्या हाती सारी मेहनत देऊन पुन्हा शिवायला बसणाऱ्या तिच्या मनाचा.