खानमाळातला न

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात नकाशासाठी मोजणी करणारे साहेब शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. माळावरचे ओढे, खडक, टेकड्या यांची नावं लिहून घ्यायला त्यांना शिकलेला मुलगा हवा होता. गावातून कॉलेजात गेलेला मी एकटाच. आठ दिवस मी गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत उन्हात फिरलो. बरं वाटत होतं.

आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी. पुण्यात माझ्या अशा बोलण्याला मुलं हसली होती. त्यामुळे यादीतला प्रत्येक न मी तपासत होतो. एका माळाला सगळे 'खानमाळ' म्हणत. तिथं दगडाची जुनी खाण होती. मी 'खाणमाळ' लिहिलं आणि मनातून थोडा खूशही झालो.

शेवटच्या दिवशी चावडीवर साहेबांनी यादी वाचायला सांगितली. दोन जाणत्या माणसांनी होकार दिला की यादी पक्की. दुसऱ्या दिवशी साहेब ती घेऊन दौंडहून गाडी पकडणार होते. जाणत्यांपैकी एक होते गावचे आबा, दुसरे आमच्या आळीतले मुसलमान चाचा. मी वाचत होतो, दोघं मान डोलवत होते. 'खाणमाळ' म्हटल्यावर चाचांची मान थांबली.

"खाण नव्हं, बाळा. खान. माझा आजा."

मी दबकत म्हणालो, "पण तिथं खाण आहे ना, चाचा?"

"हाय की. त्यानंच फोडली. गावच्या आडाचा दगड तिथलाच. त्याचं नाव आता तेवढ्या माळावरच ऱ्हायलंय."

आबा म्हणाले, "आमी पानी म्हनतो, त्याचा राग खानावर काढलास व्हय? चाचा, उद्या ह्यो माझ्या नानाचा नाणा करंल."

चाचाही हसले, पण नजर कागदावरच होती. यादी शाईनं लिहिलेली, आणि साहेबांना खाडाखोड चालत नसे. तरी मी उठलो आणि अडखळत चूक कबूल केली. साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "पहिल्यापासून लिहा."

आबा जेवायला गेले. चाचा माझ्याशेजारी बसून राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"कुठलं ते?"

मी ओळ दाखवली. ते शाई वाळेपर्यंत थांबले, मग त्यावर हळूच बोट टेकवलं.