कागदांवरची वजनं

पनवेलच्या आर्किटेक्चर कॉलेजची इमारत मी डिझाइन केली. वीज कमी लागावी म्हणून भिंतींना जाळ्या ठेवल्या. खाडीवरचा वारा आरपार जाणार, म्हणून पंखे लावूच दिले नाहीत. मी अधूनमधून विद्यार्थ्यांना ती दाखवायला नेतो आणि पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात तिथल्या क्लार्कबाई भेटतात.

बाई उलव्याच्या. केसांत अबोलीचा गजरा, आवाज खणखणीत, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेबलावर एक थाप. त्यांच्या टेबलावरच्या प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवलेलं असतं. कुठे कुलूप, कुठे पंचिंग मशीन, कुठे मोरा बंदराच्या किनाऱ्यावरचा दगड. मी ते विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायचो. "बघा, वारा किती येतो इथे!"

बाई पदराने मान पुसत म्हणायच्या, "वारा जाम हाय, सर. आमाला काय त्रास नाय."

एकदा त्यांच्या ऑफिसात टोपी विसरली म्हणून मी अर्ध्या जिन्यातून परत फिरलो. बाई डोळे मिटून एका टेबलफॅनसमोर बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी घाईघाईने बटण बंद केलं आणि फॅन कपाटामागे सरकवला. पाती अजून फिरत होती; वजनांखालचे कागद मात्र फडफडायचे थांबले होते.

"घरचा हाय सर. दुरुस्तीला न्यायचाय." या वेळी टेबलावर थाप पडली नाही.

मी "बरं" म्हणालो आणि टोपी उचलली.

त्या खोलीत पंखा बसवा, एवढं कॉलेजला सांगायला मला अजून जमलेलं नाही. हल्ली मी जिना चढतानाच मोठ्याने खोकतो. बाईंना फॅन लपवायला तेवढाच वेळ मिळतो.