बारव बुजवली तेव्हा

उन्हाळा लागला की चिंध्याच्या पायाला नारू निघायचा. महारवाड्यात दरसाल पाच-सात जण असे अंथरुणाला खिळत. त्याची बायको तानुबाई पोटरीतून डोकावणारा तो पांढरा दोरा काडीवर गुंडाळी. रोज बोटभर, तुटू न देता. १९३४ साली तो तुटलाच. पाय सुजून भोपळा झाला, गुडघा कायमचा आखडला. गावाची वर्दी, म्हणजे सरकारी निरोप, घेऊन धावणारा माणूस काठीवर आला.

त्याच महिन्यात जळगावहून सरकारी डॉक्टर बोरी नदीकाठच्या त्या गावी आले. महारवाड्याची बारव पायऱ्यांची. पाण्यात उतरूनच घागर भरायची. डॉक्टर म्हणाले, "नारू इथूनच होतो. ही बुजवा आणि गावातल्या रहाटाच्या विहिरीचं पाणी प्या."

तानुबाई न राहवून पुढे झाली. "साहेब, त्या विहिरीले आमले हात लावू देतस का?"

डॉक्टरांनी गावच्या सुकदेव पाटलाकडे पाहिलं. पाटील हसून म्हणाला, "कोनी तरी वरतून वाढी दी."

बारव बुजवली ती महारवाड्यानंच, बिनमजुरीनं. तानुबाईनंही मातीच्या पाट्या वाहिल्या.

मग विहिरीपासून दहा हातांवर घागर ठेवून बसणं सुरू झालं. कधी कुणी अर्धी कळशी उंचावरून ओती, कधी दुपार होई. बायका नदीच्या डबक्यावर जाऊ लागल्या. तिथं म्हशी डुंबत. आठ दिवसांत तानुबाईच्या कमलला हगवण लागली; पोरीचे ओठ सुकून पांढरे पडले.

भर दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. तानुबाईनं घटकाभर वाट पाहिली आणि दोर हातात घेतला. पाटलीणबाई मंजुळाबाई विहिरीसमोरच्या आपल्या दारातून बघत होती. ती दबक्या आवाजात एवढंच म्हणाली, "भर लवकर, अन् जाय."

पण वाटेनं जाणाऱ्या, गावातल्याच गिरधरनंही पाहिलं होतं. संध्याकाळी विहिरीत गोमूत्र पडलं. चिंध्याची गावकी, म्हणजे गावकामाचं धान्य, गेली, दुकानदारानं त्यांना मीठही देणं बंद केलं. आपणच पाणी भरू दिलं, हे मंजुळाबाईनं कुणाला कळू दिलं नाही.

महिन्याभरात ते भुसावळला आले. तानुबाई रेल्वेच्या राखेतून कोळसा वेचू लागली. कमल वाचली, नारू पुन्हा घरात कुणाला झाला नाही. लंगड्या चिंध्याला मात्र कुणी कामावर घेईना. नळावर तानुबाईची कळशी सगळ्यांच्या शेवटी लागे, पण ती स्वतःच्या हातानं भरी. घरी आली की चिंधा विचारी, "गावकडना कोनी भेटना का?" ती चूल पेटवायला बसे.