चौदा सुया आणि माझी एक थाप

"आजपासून रोज एक. चौदा दिवस. खाडा चालणार नाही," जळगावच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी केसपेपरवर 'डॉग बाइट' असं लिहिलं. कुत्र्याचा चावा.

बाकावर माझे वडील, आबा, पोटरीला मिरचीपूड थापून बसले होते. ती थापली होती शेजारच्या नानांनी. डॉक्टरांनी जखम नळाखाली साबणाने धुवायला लावली. लाल पाणी मोरीत वाहत गेलं तेव्हा मला शिसारी आली. दातांच्या चार खुणा, आणि त्यावर अर्धी वाटी तिखट!

आबा डाळमिलमध्ये कामाला. मिलच्या फाटकाजवळ कुत्रं चावलं आणि पळालं ते पुन्हा कोणाला दिसलंच नाही. दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं असतं, तर सुया मध्येच थांबवता आल्या असत्या. ते सापडेना, म्हणून चौदाही घ्यायच्या. लसीचं नाव अँटी-रेबीज व्हॅक्सिन. रेबीज म्हणजे पिसाळीचा रोग. एकदा त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. तेव्हा ही सुई पोटाच्या कातडीखाली टोचत.

हे सगळं मला पाठ होतं. पत्रक मीच लिहिलं होतं ना! आम्ही चार मित्र बाजाराच्या दिवशी अफवांविरुद्ध पत्रकं वाटायचो. 'या सुयांनी पुरुष नामर्द होतो', 'सुई घेतलेला माणूस भुंकायला लागतो', असल्या घाणेरड्या थापा लोक चवीने सांगतात. त्यांना उत्तर म्हणून मी ठळक अक्षरांत छापलं होतं: सुई मुळीच दुखत नाही.

पहिली सुई आबांनी दात आवळून सोसली. दुसरीनंतर पोटावर लिंबाएवढी गाठ आली, अंग कणकणलं. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी मला धरलं.

"तुना कागदवर काय लिखेल शे? दुखस नही. मंग हाई काय शे?"

त्यांनी पोटावरच्या गाठीवर बोट ठेवलं.

"तुनं बठ्ठं खोटं शे." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून रांगेत नंबर धरून बसलो. आबा आलेच नाहीत. नाना त्यांना एस.टी.ने एरंडोलकडच्या आमच्या गावी घेऊन गेले होते. सात विहिरींत डोकावलं की कुत्र्याचं विष उतरतं म्हणे!

मी गावात पोचलो तेव्हा चौथी विहीर चालू होती. आबा काठावर वाकलेले, नाना मागून त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभे.

"बराबर देख. पान्यात कुत्रं दिसनं का?"

"मनं थोबाड दिसस." आबांना स्वतःचाच चेहरा दिसत होता.

"मंग इख उतरी ऱ्हायनं."

मला किळस आली. नानांना मी नको नको ते बोललो. तुमच्यापायी माझा बाप मरेल, असंही म्हणालो. नाना चिडले नाहीत.

"भाऊ, मिरची झोंबस, हाई मी आबाले आधीच सांगेल व्हतं. तू काय सांगं?"

पत्रक लिहिताना सुया देणाऱ्या याच डॉक्टरांनी मला बजावलं होतं, दुखतं हे लिहा. ते वाक्य मी खोडलं. लोक घाबरतील म्हणून! लोकांना खरं पेलत नाही असं थापाडे धरून चालतात. मीही तेच धरलं. नानांपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

"आबा, मी खोटं लिखं," मी म्हणालो. "डॉक्टरनी सांगेल व्हतं, दुखस म्हनीसन. मी ते काढी टाकं."

आबांनी जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही. मग म्हणाले, "आते डॉक्टरलेच इचारसू. तुले नही."

त्याच दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या आत, डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं. "दुखतं. गाठी येतात, ताप येतो. फार क्वचित एखाद्याचे हातपाय लुळे पडतात, तसं वाटलं तर लगेच या. पण सुया सोडल्या आणि रोग झाला, तर माझ्याकडे औषध नाही."

आबांनी शर्ट वर केला.

अकराव्या दिवशी रांगेतली एक बाई सुई बघून उठली आणि दाराकडे निघाली. तिचा हात कुत्र्याने फाडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "तू गप बस." आणि भर रांगेत त्यांनी पोट उघडं केलं.

"अक्का, देख. ह्या बठ्ठ्या गाठी. रोज दुखस."

"भलतंच दुखस का?"

"हाव. रडू येस. बठ आते."

ती बसली.

आबांच्या चौदा सुया पुऱ्या झाल्या. तुमच्या घरात कोणाला कुत्रं चावलं तर जखम आधी साबणपाण्याने भरपूर धुवा, तिखट-चुना काही लावू नका आणि लगेच दवाखाना गाठा. सुई दुखेल. कोणी दुखत नाही म्हणालं, तर ते माझं जुनं पत्रक वाचून आलेत असं समजा.

नव्या पत्रकात आबांचे आभार मानायचे होते. त्यांनी झटकून टाकलं.

"मनं नाव नको टाकू. मना पोटनं लिख."