पायाचा कागद, लोखंडाचा कागद

आक्का जाऊन महिना होत आला. आमचं शेवटचं बोलणं दवाखान्यात झालं. मी त्यांची उशी नीट करायला वाकले, तर पलंग हलला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "सुमन, खाली बघ गं. नट ढिला असंल." खरंच ढिला होता. मी हातानंच आवळला. "आता?" त्यांनी विचारलं. "आता नाय हलत." "मग झोपते," म्हणाल्या... दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

आक्का म्हणजे माझ्या मालकांची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. इंजिनिअर होत्या. कारखान्याच्या लोखंडी शेडचे खांब केवढे घ्यायचे, ते एकमेकांना कसे जोडायचे, खाली काँक्रीटचा पाया किती खोल न्यायचा, हे त्या ठरवायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. मी चौथी शिकलेली, त्यात चारचौघांत तोंडातून शब्द निघत नाही. पहिल्याच आठवड्यात त्या मला साडी घ्यायला गुलमंडीत घेऊन गेल्या आणि साड्या सोडून दुकानातल्या माळ्याचा लोखंडी अँगल बघत बसल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, तो विकायचा नाय." मी पदर तोंडाला लावून हसले. भीती तिथंच गेली.

पुष्कळ वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या ऑफिसात काम केलं. हिशेब आक्कांचा, सही साहेबांची. पन्नाशी उलटल्यावर ते सोडलं आणि आमच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. पहिलं काम शेंद्र्याला मिळालं, एका गोदामाचं शेड. कागदावर पहिल्यांदा त्यांची सही आली. गुडघे दुखायचे, म्हणून साइटवर जाताना त्या मला सोबत न्यायच्या. हे कोण म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "ह्या सुमनबाई. ह्यांच्या हाताला धरूनच मी उभी हाय."

काळी माती खणत खणत मुरूम लागेपर्यंत खाली जाऊन पाये भरले होते. खांब उभे करायच्या दिवशी क्रेन आली. लोखंडी खांबाच्या तळाला एक जाड पाट असतो. पायाच्या काँक्रीटमधून वर आलेले बोल्ट त्या पाटाच्या भोकांतून निघाले, की खांब बसला. सगळे बसत गेले, पण टोकाचे दोन काही बसेनात. पाटाची भोकं आडव्या चौकटीत होती आणि बोल्ट उभ्या चौकटीत. खांब क्रेनला लटकलेला, आणि ठेकेदार बोल्ट बसवणाऱ्या रहीमचाचांवर घसरला. "चाचा, डोळे घरी ठेवून आलते का? उद्यापासून येऊ नका."

"मैं कागज देखकेच बिठाया सेठ. नक्को चिल्लाओ."

"तुम्हाला कागद कळतो व्हय?"

आक्कांनी पायाच्या नकाशाचा कागद मागितला, मग लोखंडाचा. दोन्ही गाडीच्या बॉनेटवर पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मी कोपरे दाबून धरले. आक्कांनी टोकाच्या खांबांवर बोट ठेवलं, आधी एका कागदावर, मग दुसऱ्या. गप्प बसल्या असत्या, तर चाचांची रोजी गेली असती आणि आक्कांची पहिली सही वाचली असती. एवढं मलाही कळत होतं.

"चाचांनी बरोबर बसवलेत," आक्का म्हणाल्या. "पायाच्या कागदात मी ह्या दोन खांबांचे बोल्ट उभ्या चौकटीत दाखवले, लोखंडाच्या कागदात त्यांची भोकं आडव्या चौकटीत. चूक माझी हाय."

ठेकेदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, हे बोलायची काय गरज होती? मिस्त्रीच्या नावावर खपलं असतं."

"म्हणूनच बोलले."

गोदामाचे मालक म्हणाले, बोल्ट कापून टाका, पाट तसाच ठेवा आणि चार ठिकाणी वेल्डिंग मारा, माझा माल यायचाय. आक्का म्हणाल्या, "साहेब, पत्र्याचं शेड हलकं असतं. वारा त्याला उचलायला टपलेला असतो. हे बोल्टच त्याला जमिनीला धरून ठेवतात. तेच कापले, तर माझी सही त्या कागदावर राहणार नाही. दोन्ही पायांचे माथे फोडायचे, बोल्ट नव्यानं बसवायचे आणि परत काँक्रीट करायचं."

"ही गोष्ट बाहेर गेली तर तुम्हाला काम कोण देईल, ताई?"

"ते माझं मी बघते. तुम्ही पाया बघा."

माथे फोडले. आक्का रोज तिथं खुर्ची टाकून बसायच्या. शेड उभं राहिलं आणि अजून उभं आहे. पण गोष्ट बाहेर गेलीच. कितीतरी महिने टेबलावर नवीन काम आलं नाही. पाहुणे म्हणायचे, "नोकरी काय वाईट होती?" आक्का माझ्याशेजारी मटकी निवडायला बसायच्या आणि खडे तसेच सोडायच्या. पुढचं काम आणलं ते रहीमचाचांनीच, शहागंजातल्या एका व्यापाऱ्याचं. आमच्या दारात चपला काढता काढता त्याला सांगत होते, "ये बाई गलती करे तो खुद बोलती. दुसरा इंजिनिअर नक्को देखो." आक्का आतून म्हणाल्या, "चाचा, एकदाच केली हो."

त्या चुकीनंतर घरात एक रिवाज पडला. सही करायच्या आधी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. एक बाजू आक्कांची, एक माझी. उजेडात पायाचे बोल्ट लोखंडाच्या भोकांतून दिसतात. मी एकेकावर बोट ठेवायचं आणि "बसलं" म्हणायचं. सगळे झाल्याशिवाय सही नाही. एकदा मी म्हटलं, "आक्का, हे तर कंप्युटरच सांगतो की." त्या म्हणाल्या, "कंप्युटरला माझी चूक माहीत नाय. तुला हाय." पुढं त्यांच्या सहीची किती शेडं झाली. वाळूजच्या रस्त्यानं जाताना त्या मला एकेक दाखवायच्या. मला ती सगळी आमच्या खिडकीतूनच गेल्यासारखी वाटायची.

शेवटचं काम सहीवाचून राहिलं. परवा ते पुरं करायला दुसरे इंजिनिअर घरी आले. तरुण, भला माणूस. कागद गुंडाळायला लागले. परक्या माणसाशी मी कधी आपणहून बोलत नाही, पण दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक लावले आणि म्हटलं, "जरा थांबा. ही बाजू धरा." त्यांनी धरली. मी काचेवर बोट ठेवत गेले. प्रत्येक बोल्ट भोकाच्या मधोमध... टोकाच्या दोन खांबांचेसुद्धा. शेवटच्या बोल्टवर बोट ठेवून मी "बसलं" म्हटलं आणि कागद त्यांच्या हातात दिले.

"आता करा सही," मी म्हणाले.