बिनपिशवीचा उंदीर

मोडनिंबाजवळच्या आमच्या वस्तीवर जत्रेचं बोकड कापलं की पित्ताची पिशवी काढायचा मान माझा. काळजाला चिकटलेली ती हिरवी पिशवी फुटली तर सगळं मटण कडू. माझ्या हातून कधी फुटली नाही. शाळा मी दुसरीत सोडली, पण जनावर आतून वाचलंय.

आता सोलापुरात लेकाकडं असतो. यंदा पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि म्हणाला, पिशवीत खडे झालेत, पिशवीच काढू.

"खडे काढा," मी म्हणालो. "पिशवी ऱ्हाऊ द्या. बिनपिशवीचं जनावर जगत न्हाय."

डॉक्टर लेकाकडं बघून इंग्रजीत बोलला. लेकानं मान डोलवली, त्यालाही कळलं नसणार. मी घरी येऊन ओवा चावत बसलो. दुखतंय म्हणून कुणाला सांगितलं नाही.

नात औषधांच्या कॉलेजात शिकते. तिथं पांढऱ्या उंदरांना एसी आहे. आम्हाला पंखा, तोही लाईट असली तर. उंदराला गुंगीत ठेवून त्याला औषध टोचतात, पोटात केसाएवढी नळी घालतात आणि ठिबकणारं पित्त बाटलीत धरतात. काळीज, तिच्या भाषेत यकृत, औषधाचं रूप पालटून पित्तात किती टाकतं, ते बघायला, असं ती सांगत होती.

"म्हंजी पिशवीतनंच काढता की."

"आबा, उंदराला पिशवीच नसती. काळजातनं पित्त सरळ आतड्यात. औषधाचा गाळ बी त्याच वाटंनं भाईर."

"तुमचे कॉलेजचे उंदीर तसले असतील. आपल्या उंदराला असती."

सकाळी घरच्या पिंजऱ्यात एक उंदीर सापडला, ज्वारीवर पोसलेला, गलेलठ्ठ. मी चाकू घेऊन अंगणात बसलो.

"मामा, भाजीचा चाकू हाय त्यो!" सून आतून ओरडली.

काळीज उलटून बघितलं. पाकळ्यांमागं बोट घातलं. नुसती दोऱ्यासारखी नळी, आतड्याकडं गेलेली. नात शेजारी उकिडवी बसली होती. हसली नाही, एवढं शहाणपण आहे तिच्यात.

"आन ह्यो असाच जगला?"

"निवांत, आबा. ज्वारीचं पोतं बी ह्यानंच कुरतडलं."

मी हात धुतले आणि लेकाला म्हणालो, "लाव डॉक्टरला फोन."

ऑपरेशन झालं. डॉक्टर बघायला आला, थोडे दिवस तेलकट बंद म्हणाला.

"का म्हणून?" मी विचारलं. "उंदीर शेंगदाणे खातोच की."

डॉक्टरनं पुन्हा लेकाकडं बघितलं. पण या वेळी मराठीत म्हणाला, "ह्यांना उद्याच घरी न्या."