एका चुलीची दोन माणसं

खुशाल दुर्गे धानोऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. पोंभुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतल्या त्याच्या घरात शिकून नोकरीला लागलेला तो पहिलाच. वर्षभर त्याच्या आईने, अंजनाबाईने, त्याच्यासाठी मुली पाहिल्या आणि त्याने प्रत्येकीत काहीतरी खोट काढली. मग एके दिवशी धानाच्या बांधावरून घरी येता येता त्याने आईला सांगून टाकलं की खोट मुलींत नाही. मला बाईमाणसाशी संसार करता यायचा नाही, माझा जीव पुरुषावरच जडतो. अंजनाबाई पुढे चालत राहिली. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, हे दुसऱ्या कोणाला सांगू नको. तिने स्वतःही मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही आणि मुली पाहणंही त्या दिवसापासून बंद केलं.

धानोऱ्यात त्याला हेमराज मोहुर्ले भेटला. हेमराज मूल गावचा, इथे गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. खुशालच्या घरमालकाची गाय अडली तेव्हा तो आला, कोपरापर्यंत हात घालून वासरू सोडवलं आणि हात धुवायला खुशालच्या नळावर गेला. त्या दिवशी चहा झाला, मग जेवणं व्हायला लागली, आणि सहा महिन्यांनी हेमराज आपली पेटी घेऊन राहायलाच आला. गावाला सांगितलं, रूम पार्टनर आहेत. गावानेही जास्त विचारलं नाही. अशी अकरा वर्षं गेली.

खुशालला पीएच.डी. करायची होती. रानातून मोह, हिरडा, तेंदूपत्ता आणणाऱ्या बायांचे दिवसाचे किती तास जातात, हा विषय त्याने घेतला होता. हेमराजला गुरांना लस टोचायला गावोगाव जावंच लागे. त्याच्या गाडीवर मागे बसून खुशाल जायचा. एकाने गोठे फिरायचे, दुसऱ्याने बायांना विचारायचं की सकाळी कधी उठल्या, किती लांब गेल्या, परत कधी आल्या. या बायांचे दहा-दहा तास कोणत्याच हिशेबात कसे धरले जात नाहीत, हे तो हेमराजला वाटेत तावातावाने सांगायचा. पुस्तकांतल्या नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञांत आपल्यासारखेही होते, हे खुशालला फार उशिरा कळलं होतं. त्यांचे सिद्धान्त त्याला पाठ होते, पण ते घरी कोणाबरोबर जेवत होते हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

रानातल्या एका गावात त्याला मंगली भेटली. नवऱ्याने दुसरी केली म्हणून ती माहेरी परतली होती आणि भावाच्या अंगणाच्या कडेला कुडाची झोपडी घालून राहत होती. खुशालने फॉर्मवर कुटुंबप्रमुख म्हणून तिच्या भावाचं नाव लिहायला घेतलं. मंगलीने त्याच्या पेनावर हात ठेवला.

"त्याचं नाव लिवू नका," ती म्हणाली. "मी त्याच्या घरी जेवत नाई. माझी चूल येगळी हाये."

फॉर्ममध्ये तशी सोय नव्हती. ग्रामसभेच्या यादीतही नव्हती. वनोपजाच्या विक्रीतला वाटा कुटुंबाच्या कार्डावर मिळे, आणि एकट्या बाईचं कुटुंब होत नसे. तिने वेचलेलं सगळं भावाच्या कार्डावर चढत होतं.  परतताना खुशालने हेमराजला सांगितलं की सरकारी मोजणीत तू मूलच्या घरात आहेस आणि मी पोंभुर्ण्याच्या. हेमराज हसला. "मंग धानोऱ्यात भात कोन खाऊन राह्यला?"

तिथून खुशालचं काम वळलं. कुटुंब लग्नावरून किंवा रक्तावरून न मोजता चुलीवरून मोजावं, आणि एकटं माणूसही कुटुंब धरावं, असं त्याने मांडलं. नुसतं कागदावर ठेवलं नाही. त्या गावाच्या ग्रामसभेत जाऊन बसला. ग्रामसभेचा म्हातारा अध्यक्ष वारलू आधी राजी नव्हता. उद्या भांडून प्रत्येक पोरगी वेगळी चूल मांडेल, असं त्याचं म्हणणं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मंगलीसारख्या एकोणीस बाया पुढे येऊन बसल्या, आणि वारलूने त्यांच्याकडे पाहत ठराव लिहायला सांगितला. पहिलं कार्ड मंगलीला मिळालं. पुढे आजूबाजूच्या गावांनीही तसाच ठराव घेतला.

त्याच वर्षी भादव्यात हेमराज दवाखान्यात उभ्या उभ्या खाली पडला. लकवा. गडचिरोलीच्या इस्पितळात खुशालला विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? तो मित्र म्हणाला. मग त्याला बाहेर थांबवून नातेवाइकांना बोलवायला सांगितलं. मूलहून हेमराजची विधवा वहिनी इंदुताई आणि पुतण्या विक्की आले, आणि पंधरा दिवसांनी त्याला मूलला घेऊन गेले. हेमराजची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती.

खुशाल दर रविवारी दोन बस बदलून मूलला जाऊ लागला. समोरच्या खोलीत त्याला खुर्ची मिळे, चहा मिळे. हेमराजच्या खाटेजवळ विक्की उभा असे. पाहुण्याने बसावं तितका वेळ बसून खुशाल उठे.

हिवाळ्यात त्याने नागपूरच्या एका परिषदेत आपल्या कामावरचा निबंध वाचला. प्रश्नांच्या वेळी एका वयस्कर प्राध्यापकाने जरा गमतीने विचारलं की एकट्या माणसांबद्दल तुम्हाला एवढा जिव्हाळा कशामुळे? खुशालने कागद खाली ठेवले.

"मी अकरा वर्षं एका पुरुषाबरोबर संसार केला," तो म्हणाला. "प्रत्येक पाहणीत आम्ही दोन वेगळ्या घरांत होतो."

 अध्यक्षांनी आभार मानले आणि चहाची सुटी जाहीर केली. चहाच्या टेबलापाशी त्याच्याशी कोणी बोललं नाही. फक्त एका संशोधक मुलीने येऊन त्याचा निबंध मागितला.

आठ दिवसांत ही गोष्ट मूलला पोचली. विक्कीचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही. सर, तुम्ही आता येऊ नका, लोक नावं ठेवून राह्यले, एवढंच म्हणाला. खुशाल बरं म्हणाला.

चार महिने तो गेला नाही. तरी रविवारी सकाळी तयार होऊन तो बस धरायचा, गडचिरोलीच्या स्टँडवर उतरायचा, मूलची गाडी लागलेली पाहायचा आणि ती सुटली की धानोऱ्याला परत यायचा. घरी दोघांचा भात शिजवायची सवय त्याने हळूहळू मोडली.

उन्हाळ्यात, कॉलेजात दोन तासिकांच्या मधल्या सुटीत इंदुताईंचा फोन आला.

"भाऊ, आमचे भाऊजी जेवून नाई राह्यले. चार दिवस झाले. तुमी या."

तो तसाच निघाला. हेमराज पार वाळला होता. खुशालला पाहून त्याचा डावा हात चादरीवर हलला. इंदुताईंनी पेज आणून खुशालच्या हातात दिली आणि विक्कीला बाहेर जायला सांगितलं. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. इंदुताई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"लोकाइले काय सांगाचं ते मी पाहीन," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमी रविवारी येत जा."

खुशालने विचारलं की मी यांना धानोऱ्याला नेऊ का, माणूस ठेवीन, रजा घेईन. इंदुताईंनी मान हलवली. "तेवढं मांगू नका, भाऊ."

त्याने पुन्हा विचारलं नाही. बस सुटायला अजून तासभर होता. इंदुताईंकडून ब्लेड मागून घेऊन तो हेमराजची वाढलेली नखं कापत बसला.